ओळखा पाहू, ग्लासात काय?

‘बिअर म्हणजे बिअर, त्यात ओळखायचं काय?’ असं म्हणणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भारतात पाहिलेली बिअर म्हणजे बाटलीतली, सोनेरी, थंडगार. फार तर एक साधी आणि एक ‘स्ट्राँग’. इथं हर्नडनच्या आसपास एखाद्या ब्रुअरीत शिरलं, की फळ्यावर पंधरा-वीस नावं! व्हर्जिनियात २०१२ साली कायदा बदलला आणि हॉटेल न चालवताही ब्रुअरीला आपल्या जागेत ग्लास भरून विकायची मुभा मिळाली. तेव्हापासून या परिसरात ब्रुअऱ्या फोफावल्या. तिथं बाकांवर मुलंबाळं असतात, बाबागाड्या असतात, कधी भारतातून आलेले आई-बाबाही असतात.

अशा वेळी खेळायला एक छान खेळ आहे. ग्लासचा फोटो बघायचा, एक-दोन खुणा ऐकायच्या आणि प्रकार ओळखायचा. थेंबही न घेता खेळता येतो, त्यामुळे आजीसुद्धा जिंकू शकते. करूया सुरुवात?

फोटो पहिला. रंग पिवळाधमक आणि इतका गढूळ की आंब्याचा रस वाटावा. खूण : नावात आपला देश आहे.

उत्तर : हेझी आय.पी.ए., म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसनसारखे ब्रुअर जहाजांतून हिंदुस्थानात पेल एल पाठवत असत. हॉप्सच्या फुलांमुळे बिअर टिकते, म्हणून लांबच्या प्रवासाला हॉप्स जास्त. ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली ही मात्र दंतकथा. आजचा गढूळ अवतार व्हर्मॉंट राज्यातला. ओट्स, गहू आणि उशिरा घातलेले भरपूर हॉप्स यांमुळे ती गढूळ दिसते आणि फळांसारखी घमघमते. २०१५ साली हर्नडनमध्ये सुरू झालेल्या अ‍ॅस्लिन बिअर कंपनीचं नाव झालं ते मुख्यतः याच प्रकारामुळे.

हिंदुस्थानचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे. त्यात कुणाचं डोकं फिरलं, की तो ‘डूलाली’ झाला म्हणायचे. हा शब्द इंग्लंडला गेला, इंग्रजीत रुळला आणि २००९ साली पुण्यात एका ब्रुअरीचं नाव होऊन महाराष्ट्रात परतला!

फोटो दुसरा. उंच, निमुळता ग्लास. आरपार दिसेल अशी सोनेरी बिअर आणि वर पांढराशुभ्र फेस. खूण : गावाच्या नावावरून नाव.

उत्तर : पिल्सनर. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, पिल्झेन गावी १८४२ साली ही पहिल्यांदा तयार झाली. थंडीत सावकाश आंबवून मुरवत ठेवायची, ही लागर जातीची रीत. आपली किंगफिशर हिचीच दूरची नातेवाईक.

फोटो तिसरा आणि चौथा एकदमच बघा. दोन्ही फिकट, दोन्ही धुरकट. खूण : एकीत आपल्या मसाल्याच्या डब्यातला जिन्नस घातला आहे. दुसरीला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात ना केळं ना लवंग.

उत्तर : पहिली बेल्जियमची विटबिअर. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते. अलेक्झांड्रियाच्या पोर्ट सिटीची ‘ऑप्टिमल विट’ याच घराण्यातली. दुसरी जर्मनीची हेफेवायझन. तिचा वास येतो तो निव्वळ यीस्टमुळे. नुसत्या फोटोवरून या जुळ्या बहिणी ओळखणं कठीण, तिथं नाकच हवं. धण्याचा वास आपल्या आज्यांइतका कुणाला कळणार?

फोटो पाचवा. काळीकुट्ट बिअर, वर सायीसारखा फेस. खूण : डब्लिन शहर.

उत्तर : स्टाउट, आणि तीही गिनेस. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, अगदी कॉफीच्या बियांसारखा. मऊ फेस नायट्रोजन वायूमुळे. ग्लास उजेडासमोर धरला तर बिअर काळी नसून गडद माणकासारखी लाल दिसते.

आता खरा प्रश्न. या पाचांत कडक कुठली? जवळजवळ सगळे काळीकडे बोट दाखवतात. पण ड्राफ्ट गिनेसमध्ये अल्कोहोल जेमतेम सव्वाचार टक्के असतं, आणि रसासारखी दिसणारी ती पहिली हेझी अनेकदा सात-आठ टक्क्यांची निघते. रंग भाजणीचा असतो, ताकदीचा नव्हे.

हे नुसतं कोडं नाही. अमेरिकेत ‘एक ड्रिंक’ म्हणजे पाच टक्क्यांची बारा औंस बिअर. आठ टक्क्यांच्या बिअरचा सोळा औंसांचा पाइंट घेतला, तर एका ग्लासात दोनहून अधिक ड्रिंक्स पोटात गेली. ‘एकच तर घेतली’ म्हणत गाडीची किल्ली उचलणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा. व्हर्जिनियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे आणि पोलीस ग्लास मोजत नाहीत. शिवाय त्या मर्यादेच्या आतही गाडीवरचा ताबा कमी होतोच. गाडी कुणी चालवायची ते घरून निघतानाच ठरवलेलं बरं.

आणखी दोन गोष्टी फोटोत दिसत नाहीत. काही स्टाउटमध्ये आणि ‘मिल्कशेक’ आय.पी.ए.मध्ये दुधातली साखर असते, म्हणून दूध न पचणाऱ्यांनी विचारून घ्यावं. आणि काही पारंपरिक ब्रिटिश बिअर नितळ करायला माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. गिनेसनं तो २०१० च्या दशकात सोडला, पण सगळ्यांनी सोडलेला नाही. कट्टर शाकाहारी पाहुण्याला आग्रह करण्याआधी चौकशी करावी. काउंटरवर विचारलं तर बहुतेक जण आनंदानं सांगतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला फळ्यापुढे उभे राहाल तेव्हा आधी प्रकार ओळखा, मग शेजारचा टक्क्यांचा आकडा वाचा. पहिल्यात चुकलात तर फार तर हसं होईल. दुसऱ्यात चुकू नका.