विश्लेषण : बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात टीव्हीवर का दिसत नाही?

बाळाचे तेल, साबण, डायपर या सगळ्यांच्या जाहिराती टीव्हीवर दिसतात. मात्र बाळाच्या दुधाच्या पावडरीची किंवा दुधाच्या बाटलीची जाहिरात दिसत नाही. पावडरीच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रही नसते. ही पावडर औषधाच्या दुकानात उघडपणे मिळते, तिच्या विक्रीवर बंदी नाही. मग बंदी फक्त जाहिरातीवर का?

या वस्तूत वेगळे काय आहे?

आईचे दूध मागणीनुसार तयार होते. बाळ जितके ओढते, तितके दूध येते. बाळंतपणानंतर सुरुवातीला येणारा चीक थोडाच असतो, पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. नेमक्या याच दिवसांत ‘दूध पुरत नाही’ अशी शंका आईला किंवा घरातल्यांना येते आणि बाटली सुरू होते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी पिते, त्यामुळे दूध कमी होते आणि शंका खरी ठरते.

साबणाचा फुकट नमुना आवडला नाही, तर जुना साबण परत वापरता येतो. इथे नमुन्याचा डबा संपेपर्यंत आईचे दूध आटू लागलेले असते. पान्हा पुन्हा आणता येतो, पण त्यासाठी चिकाटी आणि जाणकाराची मदत लागते. ती न मिळाल्यास पुढचा डबा विकत घेणे भाग पडते.

धोका कुठे असतो?

पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवून, निववून पाजावी लागते. पाणी अशुद्ध असेल किंवा बाटली नीट उकळलेली नसेल, तर जुलाब होतात. डबा महाग म्हणून तो पुरवून पुरवून वापरला, की दूध पातळ होते आणि बाळ कुपोषित होते. घरी स्वच्छ पाणी, इंधन आणि पैसे नसतील, तर धोका सर्वाधिक असतो.

वाद कधीपासूनचा?

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमधील भाषणात या प्रचारावर कठोर टीका केली होती. पुढे आफ्रिका-आशियातील देशांत कंपन्यांच्या विक्रेत्या परिचारिकेसारखा गणवेश घालून प्रसूतिगृहांत जात. ‘वॉर ऑन वाँट’ या ब्रिटिश संस्थेने १९७४ मध्ये हा प्रकार पुस्तिकेतून मांडला. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. अखेर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विपणनाची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. ११८ देश बाजूने होते, विरोधात एकटी अमेरिका.

भारतातील कायदा काय सांगतो?

संहिता सल्लावजा असते. भारताने १९९२ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचे दुधाचे पर्याय, शिशू आहार आणि दुधाच्या बाटल्या यांची कोणत्याही माध्यमातून जाहिरात करता येत नाही. फुकट नमुने, भेटवस्तू, विक्रीवर आधारित कमिशन यांना मनाई आहे. डॉक्टरांना भेटी देणे, त्यांच्या परिषदांचा खर्च उचलणे हेही बेकायदा आहे. डब्यावर आई किंवा बाळाचे चित्र चालत नाही, आईचे दूधच सर्वोत्तम असल्याची सूचना मात्र छापावी लागते. या कायद्याखाली तक्रार करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांनाही देण्यात आला. मुंबईची ‘अकॅश’ ही त्यातलीच एक.

मग प्रचार थांबला का?

पूर्णपणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये डिजिटल प्रचाराचा स्वतंत्र अहवाल काढला. त्यानुसार समाजमाध्यमांवरील प्रभावक, मातांचे ऑनलाइन गट आणि सल्ला देणारी ॲप यांमधून कंपन्या थेट मोबाइलवर पोहोचतात. हा मजकूर जाहिरातीसारखा दिसत नाही. आपल्याकडे दंडाची मर्यादा पाच हजार रुपये आहे. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असली, तरी मोठ्या कंपनीला एवढ्या दंडाची भीती वाटणे कठीण.

दोष फक्त कंपन्यांचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. तरी जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बाळे ४१.८ टक्केच आहेत. म्हणजे डॉक्टर-परिचारिका जवळ असूनही पहिल्या तासात मदत मिळत नाही. २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा संघटित नोकरीतल्या आईला मिळते. शेतमजूर किंवा घरकाम करणाऱ्या बाईला ती मिळत नाही.

काही बाळांना वरचे दूध खरोखर लागते. आई गंभीर आजारी असते, कधी दगावते, काही दुर्मीळ आजारांत आईचे दूध चालत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांचे दूध तिथे गरजू नवजात बाळांना मिळते. हे सगळीकडे उपलब्ध नसते, तिथे पावडर जीव वाचवते. कायद्याचा रोख अशा आईवर नाही. आईने निर्णय घ्यावा, पण तो डॉक्टरच्या निःपक्ष सल्ल्यावरून, विक्रेत्याच्या नव्हे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.