वलीनाशक क्रीम : दावा आणि प्रत्यय

"हे सुरकुत्यांवरचे क्रीम लावून खरोखर काही फरक पडतो का?" हा प्रश्न आज चिकित्सालयात आणि औषधांच्या दुकानात वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीच्या भगिनी अधिक. अलीकडे पुरुषही मागे नाहीत. फळीवर स्वस्त नळीपासून काही हजारांच्या बरणीपर्यंत सर्व काही मांडलेले असते आणि अनेक वेष्टनांवर 'आयुर्वेदिक' किंवा 'हर्बल' हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे वैद्यांवर आणि औषधविक्रेत्यांवर, विशेषत्वाने येते.

हे उत्तर बहुधा प्रतिनिधीने दिलेल्या पुस्तिकेवरून, एखाद्या रुग्णाच्या समाधानावरून अथवा ग्रंथात आलेल्या द्रव्याच्या नावावरून दिले जाते. चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. सुरकुत्यांच्या क्रीमच्या बाबतीत आप्तोपदेशाचा उल्लेख पुष्कळ होतो; प्रत्यक्षाची परीक्षा मात्र क्वचितच होते. ती कशी व्हावी आणि जेथे झाली तेथे काय आढळले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कालज आणि अकालज

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षुधा, तृष्णा, जरा, मृत्यू आणि निद्रा यांची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली असून त्यांचे कालज व अकालज असे दोन भेद सांगितले आहेत. शरीराचे योग्य रक्षण करूनही यथाकाल येणारी ती कालज जरा आणि रक्षणाच्या अभावी अवेळी येणारी ती अकालज जरा. आधुनिक त्वचाविज्ञानाने केलेला भेद याच्याशी बराच जुळतो. वयोमानाने येणारी वार्धक्याची चिन्हे निराळी आणि सूर्यप्रकाशामुळे येणारी निराळी. शेतात राबणाऱ्या वृद्धाची मान आणि त्याच्याच दंडाची आतील बाजू यांची तुलना केली, तर हा भेद कोणासही दिसेल. वय दोन्हींचे एकच. ऊन मात्र मानेनेच सोसलेले असते.

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजेन तोडणारी विकरे वाढतात. कोलॅजेन हा त्वचेच्या आतील थराला आधार देणारा तंतू. तो तुटत जातो, नवा तयार होण्याचे प्रमाण घटते आणि त्वचेला वळी पडतात. धूम्रपानानेही सुरकुत्या लवकर येतात. म्हणजे खऱ्या सुरकुतीचे मूळ त्वचेच्या आतील थरात असते, तर क्रीम लावले जाते ते सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरावर.

येथेच पहिली अडचण येते. मोठ्या आकाराचे रेणू निरोगी त्वचेतून आत शिरू शकत नाहीत. पाचशे डाल्टन ही त्याची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा असतो. त्यामुळे 'कोलॅजेनयुक्त' क्रीममधील कोलॅजेन सुरकुतीपर्यंत पोहोचून तेथील झीज भरून काढते, हा दावा मान्य करता येत नाही. ते वरच्या थरावर राहून ओलावा धरून ठेवते, इतकेच.

अनुपानाचा गुण कोणाचा?

ओलाव्याचा हा गुण मात्र क्षुल्लक समजू नये. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन, तूप, तेल अथवा कोणतेही साधे मॉइश्चरायझर लावले, तरी वरचा थर फुगतो, बारीक रेषा भरल्यासारख्या दिसतात आणि चेहरा टवटवीत भासतो. काही तासांनी किंवा लावणे थांबविल्यावर पूर्वस्थिती येते. म्हणून "लावल्यावर फरक पडला" एवढ्यावरून क्रीममधील मुख्य द्रव्याचा गुण सिद्ध होत नाही. तो गुण नुसत्या आधारद्रव्याचाही असू शकतो. अनुपान मधाचे असेल, तर गुण औषधाचा किती आणि मधाचा किती, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

यास्तव खरी चाचणी ती, जिच्यात एका गटाला पूर्ण क्रीम आणि दुसऱ्या गटाला तेच क्रीम मुख्य द्रव्य वगळून दिले जाते, आणि कोणाला काय मिळाले हे लावणाऱ्याला व तपासणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नसते. कोणत्याही पुस्तिकेतील आकडा वाचताना 'कशाच्या तुलनेत?' हा एक प्रश्न विचारला, तरी निम्मे काम होते.

कसोटीला उतरलेले

या कसोटीवर सर्वांत भक्कम पुरावा ट्रेटिनॉइनचा आहे. 'अ' जीवनसत्त्वापासून मिळणारे हे आम्ल मूळचे मुरुमांवरील औषध. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झालेली त्याची चाचणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. ३० जणांनी १६ आठवडे एका अग्रबाहूला औषध आणि दुसऱ्याला नुसते आधारद्रव्य लावले. औषध लावलेल्या बाहूची त्वचा तिसांतही सुधारली. चेहऱ्यावर औषध लावणाऱ्या १५ जणांपैकी १४ जणांत सुधारणा दिसली. आधारद्रव्य लावणाऱ्यांपैकी कोणातही दिसली नाही. तथापि ९२ टक्के रुग्णांना त्वचेचा दाह झाला. लाली पाहून औषध कोणत्या बाजूला आहे हे रुग्णाला व तपासनिसाला कळले नसेलच, असे म्हणता येत नाही. हा या चाचणीचा दोष. पुढील अनेक चाचण्यांनी मूळ निष्कर्ष टिकविला आणि १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी या औषधास मान्यता दिली. मात्र हे चिकित्सकाच्या चिठ्ठीवर द्यावयाचे औषध आहे. गर्भिणीस ते वर्ज्य असून ते लावणाऱ्याने उन्हापासून जपावे लागते.

त्याचेच सौम्य भावंड रेटिनॉल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वृद्धाश्रमांतील ३६ जणांना, ज्यांचे सरासरी वय ८७ वर्षे होते, एका दंडावर ०.४ टक्का रेटिनॉल आणि दुसऱ्यावर नुसते आधारद्रव्य २४ आठवडे लावण्यात आले. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या. परंतु रेटिनॉल प्रकाशाने आणि हवेने बिघडते. ज्या बरणीवर त्याचे प्रमाण लिहिलेले नाही आणि जी रुंद तोंडाची व पारदर्शक आहे, तिच्यातील द्रव्य किती उरले असेल याचा विचार विक्रेत्याने अवश्य करावा.

दुसरा भक्कम पुरावा सूर्यरक्षक क्रीमचा. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर या गावी १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या चाचणीतील ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांची त्वचा तपासण्यात आली. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने रोज नेमाने सूर्यरक्षक लावले, दुसऱ्याने मर्जीप्रमाणे. हाताच्या पाठीचे साचे घेऊन परीक्षण केले असता, साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांत वार्धक्याची चिन्हे २४ टक्क्यांनी कमी आढळली. सुश्रुतांच्या परिभाषेत बोलायचे, तर परिरक्षणाने अकालज जरा रोखता येते.

तिसरे उदाहरण उद्बोधक आहे. २००७ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमानंतर ब्रिटनमध्ये बूट्स कंपनीच्या एका सीरमसाठी दुकानांत झुंबड उडाली. पुढे मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी ६० जणांवर केलेली त्याची चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी सीरम लावणाऱ्यांपैकी ४३ टक्के, तर नुसते आधारद्रव्य लावणाऱ्यांपैकी २२ टक्के जणांच्या सुरकुत्यांत सुधारणा दिसली. म्हणजे मुख्य द्रव्यावाचूनही पाचांतील एकाहून अधिक जणांना 'गुण' आला. शिवाय सहा महिन्यांच्या निष्कर्षात प्रत्येक गटाची तुलना त्याच्याच पूर्वस्थितीशी केलेली होती. दोन्ही गट थेट एकमेकांसमोर ठेवलेले नव्हते, अशी टीका झाली. तरीही दुकानात विकल्या जाणाऱ्या क्रीमची अशी परीक्षा झाली, हेच दुर्मिळ.

बाकुची : घरचे द्रव्य

आता आपल्या द्रव्यांकडे वळू. श्वित्रातील बाकुचीचा उपयोग आपणा सर्वांच्या परिचयाचा. तिच्या बीजांतील बाकुचिओल हे द्रव्य १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी वेगळे केले. त्याचे नावच बाकुचीवरून आले. २०१९ साली ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४ जणांना १२ आठवडे ०.५ टक्का बाकुचिओल किंवा ०.५ टक्का रेटिनॉल देण्यात आले. दोन्ही गटांत सुरकुत्या आणि काळे डाग कमी झाले. दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. रेटिनॉलने मात्र त्वचा सोलवटणे व चुरचुरणे अधिक झाले.

ही अभिमानाची बाब आहे. तरीही तीत दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. पहिली, या चाचणीत नुसत्या आधारद्रव्याचा तिसरा गट नव्हता. म्हणून पुरावा आशादायक असला, तरी अंतिम नव्हे. दुसरी आणि अधिक महत्त्वाची : शुद्ध बाकुचिओल म्हणजे बावचीचे तेल नव्हे. बीजांत सोरालेन ही द्रव्ये असतात आणि ती लावून ऊन लागल्यास त्वचा भाजते व फोड येतात, हे श्वित्र-चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याला माहीत आहे. 'बाकुचीने सुरकुत्या जातात' असे ऐकून ग्राहक बावची तेल चेहऱ्यासाठी मागू लागला, तर विक्रेत्याने त्याला थांबविलेच पाहिजे.

कुंकुमादी तेलाचे काय?

बाजारात आज सर्वांत खपणारे नाव कुंकुमादी तेलाचे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी कुंकुम, उशीर, लाक्षा, यष्टीमधु, चंदन, मंजिष्ठा आदी द्रव्यांनी, तेलाच्या दुप्पट अजाक्षीर घालून सिद्ध केलेले तेल सांगितले आहे. त्याच्या फलश्रुतीत वलीचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु तेथे तो अभ्यासाने, म्हणजे सातत्याने, घेतलेल्या नस्याच्या संदर्भात आला आहे. आज तेच नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या कुप्यांवर 'रात्री दोन थेंब चेहऱ्याला लावा' एवढेच लिहिलेले असते. अभ्यंगाने लाभ होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. भ्राजक पित्त अभ्यंग व लेपातील द्रव्यांचे पचन करते, हे सुश्रुतांनीच सांगितले आहे. मात्र नस्याची फलश्रुती सांगून बाह्य लेपनाचे उत्पादन विकणे, हा आप्तोपदेशाचाही विपर्यास होय.

मुखलेपाच्या बाबतीतही वाग्भटांनी लेपाची जाडी, तो सुकण्यापूर्वी काढणे, ऋतूनुसार निराळी द्रव्ये आणि लेप असताना ऊन, अग्नी, दिवास्वाप, अतिभाषण व क्रोध टाळणे, असे नियम सांगितले आहेत. नियम गाळून केवळ द्रव्याचे नाव ठेवले, तर शास्त्राचा आधार शिल्लक राहत नाही.

शब्दांची चतुराई

कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छता करणारे वा रूप खुलविणारे द्रव्य; शरीराची रचना अथवा क्रिया बदलण्याचा दावा केला, की ते औषधाच्या कक्षेत येते. म्हणूनच जाहिराती 'सुरकुत्या कमी झालेल्या दिसतात' असे म्हणतात; 'कमी होतात' असे म्हणत नाहीत. 'वापरणाऱ्यांपैकी इतक्या टक्के स्त्रियांना फरक जाणवला' हे वाक्यही मापन नसून मत असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली लँकोम कंपनीला आणि तेथील व्यापार आयोगाने २०१४ साली लॉरेआलला जनुकांवर परिणाम होण्याच्या दाव्यांवरून हटकले. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०११ साली संगणकावर अति गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यांच्या दोन जाहिराती बंद केल्या. आपल्याकडील औषधी नियमांत 'सौंदर्य प्रसाधक' हा आयुर्वेदीय औषधांचा स्वतंत्र वर्ग आहे. परंतु परवाना क्रमांक छापलेला आहे, म्हणजे त्या क्रीमची आधारद्रव्याशी तुलना करून चाचणी झाली, असा अर्थ होत नाही.

आठ-दहा दिवसांत चेहरा उजळवून टाकणाऱ्या, पूर्ण घटकयादी नसलेल्या क्रीमविषयी तर विशेष संशय घ्यावा. त्यात स्टेरॉइड असू शकते. आरंभी चेहरा नितळ दिसतो; पुढे त्वचा पातळ होते, लाली येते आणि ज्या सुरकुत्यांसाठी ते लावले त्या अधिकच उठून दिसतात.

आपण काय करावे?

विक्रेत्यांनी ग्राहकास पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात.

१. रोजचे सूर्यरक्षण, छत्री आणि धूम्रपानाचा त्याग यांइतका लाभ कोणतीही बरणी देत नाही.

२. साधे मॉइश्चरायझर बारीक रेषा तात्पुरत्या झाकते; त्यासाठी महाग बरणीची गरज नाही.

३. ज्या द्रव्यांना पुरावा आहे, त्यांचाही गुण दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात. खोल वळ्या कोणत्याही क्रीमने जात नाहीत.

वैद्यांनी आपल्या लेपांची आणि तेलांची परीक्षा स्वतः करून पाहावी. ती अवघड नाही. औषध-सिद्ध तेल आणि त्याच आधाराचे साधे तेल, रंग व गंध शक्य तितके सारखे करून, एकसारख्या कुप्यांत भरावे. कुप्यांवर केवळ खुणा असाव्यात आणि त्यांची नोंद औषधविक्रेत्याने बंद पाकिटात ठेवावी. इच्छुक रुग्णाची लेखी संमती घेऊन एक तेल उजव्या अग्रबाहूला व दुसरे डाव्याला १२ आठवडे लावावे. आरंभी आणि शेवटी एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी, एकाच अंतरावरून छायाचित्रे घ्यावीत. उपचारात सहभागी नसलेल्या सहकाऱ्याने ती पाहून निर्णय द्यावा आणि मगच पाकीट उघडावे. वीस-पंचवीस रुग्णांवरील अशा नोंदीने अंतिम निर्णय होणार नाही, हे खरे. परंतु पुढील मोठी चाचणी करण्याजोगे काही हाती आहे की नाही, हे निश्चित कळेल. फरक दिसला नाही, तर तेही तितक्याच प्रांजळपणे प्रसिद्ध करावे.

सुरकुत्यांच्या क्रीमवर पैसे खर्च करून निराश झालेला ग्राहक दोष त्या एका कंपनीला देत नाही, तो म्हणतो, "आयुर्वेदाने काही होत नाही." उद्या तोच मनुष्य संधिवात किंवा अम्लपित्त घेऊन आला, तर त्याच्या मनातील हा अविश्वास आपल्या औषधाच्या आड येतो. पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेला विश्वास एका बरणीच्या नफ्यासाठी खर्ची घालावा काय, याचा विचार प्रत्येक व्यवसायबंधूने करावा. बाकुचीने दाखविलेली वाट मोकळी आहे. आपली द्रव्ये आपणच कसोटीला लावली, तर त्यांतील जी टिकतील ती जगापुढे ठेवण्याचा अधिकारही आपलाच राहील.