किंग हेन्रीज रोडवरचे घर आणि मावशींची नोटीस

शीवला आमच्याकडे एका जुन्या सहकारी सोसायटीत तळमजल्यावर एका मावशींची खोली आहे. संध्याकाळी तिथे मुलांची अभ्यासिका भरते. पंधरा-वीस मुले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, एक ट्यूबलाइट. गेल्या पावसाळ्यात मावशींच्या नावे नोटीस आली : राहत्या जागेचा वापर परवानगीवाचून बदलला आहे. पोरे खवळली. "सर, मोर्चा काढू. लंडनला बाबासाहेबांच्या घरालासुद्धा परवानगी नाकारली होती. इथून तिथून जात तीच!"

मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. सरकारी शिक्क्याचा कागद आला की माझ्या वडिलांचे हात कापत. ते कापरे थोडे माझ्यातही उतरले आहे. पण लंडनचे प्रकरण पोरांना वाटते तसे नाही, आणि ते समजल्याखेरीज मावशींच्या नोटिशीला धड उत्तर देता येणार नाही, असे मला वाटले.

लंडनच्या कॅम्डेन भागात किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. राहत्या घराचे संग्रहालय करण्यासाठी लागणाऱ्या परवानगीचा अर्ज मात्र २०१८ साली गेला, तोही तक्रार झाल्यावर. आपल्याकडे फीत आधी कापायची आणि कागद मागाहून जुळवायचा ही रीतच आहे. ती रीत सातासमुद्रापार नेली, एवढेच.

इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यापासून जमीन मालकीची असली तरी तिचा 'विकास' करण्याचा हक्क मालकाच्या खिशात राहिलेला नाही; तो परवानगीने मिळतो. आणि विकास म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. एक वीट न हलवता घराचे दुकान केले, संग्रहालय केले, तरी तो विकासच. त्यासाठी जागांचे वापरानुसार वर्ग पाडलेले आहेत. राहते घर एका वर्गात, संग्रहालय दुसऱ्या. वर्ग बदलायचा तर नगरपरिषदेकडे अर्ज. त्याची जाहीर सूचना लागते, शेजारी लेखी हरकत घेऊ शकतात. जिना, आगीपासून बचाव, बांधकामाची मजबुती यांची तपासणी ही आणखी वेगळी परवानगी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

काही शेजाऱ्यांनी गर्दीची आणि गोंगाटाची तक्रार केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅम्डेनच्या परिषदेने अर्ज फेटाळला. कारण काय दिले? राहण्याची जागा कमी होते, आणि संग्रहालयाचा लाभ ते नुकसान भरून काढत नाही. मित्रहो, या कारणावर जरा थांबा. शहरात माणसाला राहायला घर पुरत नाही, म्हणून असलेले घर दुसऱ्या कामाला जाऊ देऊ नये, हे धोरण आहे. शीव आणि धारावीच्या माणसाला हे धोरण परके वाटावे काय? १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा दाखव, नाहीतर अपात्र ठर, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांनी तरी एक घर वाचवू पाहणाऱ्या परिषदेला हसू नये. त्या शेजाऱ्यांच्या मनात काय होते हे मला सांगता येणार नाही. नकाराच्या कागदावर जे लिहिले होते, ते मात्र उत्तर देण्याजोगे होते.

आणि उत्तर दिले गेले. शासनाने अपील केले. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली. दोन्ही बाजूंचे वकील, साक्षी, कागद. अंतिम निर्णय ब्रिटनच्या मंत्र्यांनी स्वतःकडे घेतला होता. मार्च २०२० मध्ये रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. राहती जागा जाते हे त्या निर्णयातही नाकारलेले नाही. बाबासाहेबांचे त्या घराशी आणि लंडनशी असलेले नाते हा वारसा आहे आणि त्याचे वजन अधिक, असे ठरले.

आता मावशींची खोली. आपला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा; साचा तोच. वापरातला मोठा बदल म्हणजे विकास, हे त्याच्या व्याख्येतच आहे. (मुंबईत तर बांधकामाच्या परवानगीतला पहिला कागद 'आयओडी' म्हणजे नापसंतीची सूचना! इतक्या अटी पाळल्या नाहीत तर नापसंत, असा तिचा अर्थ. नापसंती हातात घेऊन लोक पेढे वाटतात.) कार्यकर्त्यांनी या कायद्याचे कलम ५३ वाचून ठेवावे. नोटीस आली म्हणजे सारे संपले असे होत नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीत, चालू असलेला वापर पुढे चालू ठेवू द्यावा असा अर्ज कलम ४४ खाली करता येतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने तो वापर बंद पडत नाही. अर्ज नाकारला तर कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील. आपल्या वस्त्यांत किती नोटिसा देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलेल्या असतात! मुदत तिथेच संपते.

मोर्चा मी नको म्हटले नाही; अर्जानंतर काढू म्हटले. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, मला सही येती, पन वाचून दाखवा आधी." वाचून दाखवले. परवानाधारक माणसाकडून नकाशा काढून घेतला, सोसायटीचे ना-हरकत पत्र मागितले. तिथे कळले की तक्रार दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची होती. मुलांच्या चपला वाटेत पडतात, अंधारात पाय अडकतो. आजोबाही आपल्यातलेच, गिरणीतून निवृत्त झालेले. पोरांनी चपलांसाठी लाकडी फळी ठोकली. आजोबांनी पत्रावर सही केली, पण रात्री नऊनंतर मोठ्याने वाचन नको, अशी ओळ स्वतःच्या हाताने खाली लिहून. ती ओळ तशीच ठेवून आम्ही अर्ज दाखल केला आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला.