जमीन साफ करण्याआधी दोरी आणि वही

शेत साफ करून घ्यायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘एकरी किती घेतो?’ कन्नड बोलणाऱ्या घरात हाच प्रश्न ‘एकरेगे एष्टु आगतदरी?’ असा येतो. भाषा कोणतीही असो, ठेकेदार एक आकडा सांगतो, आपण त्याला एकरांनी गुणतो आणि अंदाज झाला असे समजतो. प्रत्यक्षात खर्च एकरावर ठरत नाही. त्या एकरात काय उभे आहे, मातीखाली काय दडले आहे आणि निघालेला माल कुठे टाकायचा आहे, यावर तो ठरतो. म्हणून ठेकेदाराला बोलावण्याआधी घरच्या माणसांनी आपला अंदाज आपणच काढावा. त्यासाठी एक दोरी, एक वही आणि एक सकाळ पुरते.

यासाठी उदाहरण घेऊ पांढुर्णा आणि सौंसरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे तेव्हाच्या मैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्या दक्षिणेकडचा सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही त्याच्याबरोबर तिकडेच राहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव आपण ऐकलेले असते. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. तिथे घरात मराठी आणि कागदावर हिंदी. आपल्याकडे घरात मराठी आणि कागदावर कन्नड. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याची अडचण आपल्याला लगेच कळते.

हा संत्र्याचा पट्टा. बाग म्हातारी झाली, डिंक्याने झाडे वाळू लागली की ती काढून जमीन मोकळी करावी लागते. शेजारी एखादा तुकडा वर्षानुवर्षे पडीक असतो. त्यात वेडी बाभूळ, म्हणजे आपल्या कन्नड शेजाऱ्यांची ‘बळ्ळारी जाली’, घाणेरी आणि दगड. धुऱ्यावर एखाददुसरे सागवान. बांधाला तिकडे ‘धुरा’ म्हणतात, आपल्या कन्नड घरांत ‘बदु’. एकाच शेतात अशी तीन प्रकारची कामे असतात. त्या सगळ्यांना एकरी एकच भाव कसा लागेल?

कागदावरचे एकर

सुरुवात कागदापासून करावी. मध्य प्रदेशात खसऱ्यावर क्षेत्र हेक्टेअरमध्ये असते, ठेकेदार बोलतो एकरात. खसऱ्यावर ०.८१ हेक्टेअर दिसले तर ते दोन एकर समजावे. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टेअर-आर असते, कर्नाटकाच्या पहाणीवर एकर-गुंठे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक हेक्टेअर म्हणजे साधारण २.४७ एकर, एवढे पाठ असले तरी पुष्कळ फसगत टळते.

कागदावरचे सगळेच क्षेत्र साफ करायचे नसते. नाला, वाट, विहिरीची जागा, पोटखराब हे वजा करावे. हद्दीबद्दल शंका असेल तर यंत्र आणण्याआधी मोजणी करून घ्यावी. मध्य प्रदेशात तिला सीमांकन म्हणतात, कर्नाटकात हद्दुबस्तु. शेजाऱ्याच्या बांधावरचे एक झाड पडले, तर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे कोर्टकचेरीत जातात आणि शेजार तुटतो तो वेगळाच. खाते सामाईक असेल तर भावा-बहिणींची संमतीही आधीच घ्यावी.

झाडांची परवानगी हा निराळा विषय आहे. सागवान आपल्या धुऱ्यावर उभे असले म्हणून ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, आणि लाकूड वाहून न्यायचे तर त्याचेही नियम आहेत. तिकडे पटवारी आणि वन विभागाकडे आधी विचारावे. महाराष्ट्रात १९६४ चा आणि कर्नाटकात १९७६ चा वृक्षतोडीसंबंधीचा कायदा आहे. ‘परवानगीचं मी बघतो’ असे ठेकेदार म्हणाला तरी जमीन आपल्या नावावर असते, जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

३३ फुटांची दोरी

आता रानात जाऊ. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन. ३३ फुटांची दोरी घेतली की गुंठा आपल्या हातात आला. सुटीत घरी आलेल्या मुलांना या कामाला लावावे, गणितही होते आणि रानही कळते.

पडीक एकराचे आधी तीन भाग करावे: दाट, मध्यम, विरळ. प्रत्येक भागात दोरीने एकेक गुंठा आखून त्यातली खोडे मोजावी. समजा दाट भागात गुंठ्याला ९, मध्यम भागात ४ आणि विरळ भागात १ खोड निघाले. यांची सरसकट सरासरी काढून ४० ने गुणले तर १८७ खोडे होतात. पण दाट भाग फक्त ५ गुंठे, मध्यम १५ आणि विरळ २० गुंठे असेल, तर ४५ अधिक ६० अधिक २० म्हणजे १२५ खोडेच भरतात. ठेकेदार बहुधा रस्त्याकडच्या दाट झुडपाकडे बोट दाखवून सगळ्या शेताचा भाव सांगतो. अशा वेळी ही वही उपयोगी पडते.

संत्र्याच्या बागेचे गणित सोपे आहे. झाडे २० बाय २० फुटांवर असतील तर एकरात साधारण १०९ झाडे बसतात. त्यातली मेलेली, आधीच काढलेली वगळून उरलेली ओळीने मोजावी. जुन्या बागेची खोडे मुळांसकट निघाली पाहिजेत. वरून कापून ठेवलेले बुंधे मातीत राहिले की रोगाची बुरशी आणि वाळवी तिथेच राहते, आणि नव्या रोपांना पहिला त्रास तिचाच होतो.

दगड ब्रासने मोजावे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आखलेल्या गुंठ्यातले दगड एका जागी रचून ढिगाची लांबी, रुंदी, उंची गुणली की घनफूट मिळतात.

एक गोष्ट मात्र दोरीने कळत नाही, ती आजी-आजोबांना विचारावी लागते. जुनी पाइपलाइन कुठून गेली आहे, बुजवलेली विहीर कुठे आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. तिथे चुन्याची रेघ मारावी. जेसीबीच्या दातात पाइप अडकला की दिवसाची मजुरी तिथेच जाते.

हिशेबाचा नमुना

आता आकडे मांडू. खालचे भाव केवळ नमुन्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावात दोन-तीन ठिकाणी विचारून त्या जागी खरे भाव घालावेत.

समजा दोन एकर आहेत: एक पडीक, एक जुन्या बागेचा. पडीकात १२५ खोडे, बागेत ९० झाडे. यंत्र पहिल्या तासात किती खोडे काढते ते समोर उभे राहून मोजायचे. बाभळीची १२ निघाली तर १२५ ला साडेदहा तास, संत्र्याची १५ निघाली तर ९० ला सहा तास, मिळून १७ तास धरू. ताशी १,२०० रुपये धरले तर २०,४०० रुपये. यंत्र येण्या-जाण्याचे १,५०० रुपये. पडीक एकरात गुंठ्याला ८ घनफूट दगड निघाले तर एकूण ३२० घनफूट, म्हणजे ३.२ ब्रास, चार ट्रॉली फेऱ्या, फेरीला ७०० प्रमाणे २,८०० रुपये. दगड वेचायला सहा मजूर, ४०० प्रमाणे २,४०० रुपये. शेवटी खोल नांगरट एकरी २,००० प्रमाणे ४,००० रुपये. बेरीज ३१,१०० रुपये. त्यावर अडीअडचणीसाठी १५ टक्के, म्हणजे सुमारे ४,७०० रुपये. एकूण अंदाज ३६,००० रुपयांच्या आसपास.

आता एखादा ठेकेदार ‘भाऊ, एकरी बारा हजार, जमून जाईल’ म्हणाला तर दोन एकरांचे २४,००० होतात आणि घरात आनंद होतो. त्याला एवढेच विचारावे: दगड उचलणे यात आहे का? मुळे निघतील की बुंधे राहतील? काढलेले लाकूड आणि झुडूप कुठे जाईल? नांगरट कोण करील? उत्तरे ऐकताना वहीतले आकडे पुढे ठेवले, की २४,००० आणि ३६,००० यांतला फरक कुठे लपला आहे ते दिसते.

निघालेल्या लाकडाचे पैसे अंदाजातून आधीच वजा करू नयेत. विकले गेले तर ते वरची कमाई समजावे. लाकूड कोणाचे, हे मात्र आधी ठरवावे.

सर्वांत महाग वस्तू

सर्वांत महाग वस्तू ठेकेदाराच्या भावात लिहिलेलीच नसते. ती म्हणजे वरची माती. ठोक भावात काम घेतलेला माणूस घाईत असतो. झुडूप उपटण्याऐवजी तो पुढच्या बकेटने सगळेच खरवडून धुऱ्याकडे लोटतो. शेत आरशासारखे स्वच्छ दिसते. पण एका एकरावरची एक इंच माती म्हणजे ३६ ब्रास. दोन एकरांवर तीन इंच सरकली तर सुमारे २१८ ब्रास चांगली माती बांधावर जाऊन पडली. ती परत पसरायला लागणारा पैसा कोणत्याच अंदाजात नसतो, आणि न पसरावी तर पुढची कित्येक वर्षे पीक ते दाखवून देते.

तासाच्या भावात उलटा धोका असतो, यंत्र रेंगाळते. तेव्हा तासाने काम दिले तर सुरू होताना आणि थांबताना यंत्राच्या मीटरचा आकडा वहीत लिहावा. डिझेल भावात धरले आहे की वेगळे, चालकाचा भत्ता कोणाचा, हेही आधीच बोलावे. ठोक दिले तर ‘खोडे मुळांसकट काढणे, माती न लोटणे, दगड ठरल्या जागी टाकणे’ अशा चार ओळी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ठेकेदार नात्यातला मामा असला तरी लिहावे, त्याने नाते बिघडत नाही. काही रक्कम शेत पाहून झाल्यावर द्यायची ठेवावी.

वेळही पाहावी. काळ्या मातीत वाफसा नसताना यंत्र घातले तर ते रुतते, तास वाढतात आणि माती दाबली जाते. उन्हाळ्यात जमीन कोरडी असते, पण तेव्हा सगळ्यांनाच यंत्र हवे असते. म्हणून दोरीचे काम हिवाळ्यातच उरकून भाव ठरवून ठेवलेले बरे.

इतका खटाटोप कशासाठी? कारण जमीन साफ करणे हा पहिला खर्च असतो, शेवटचा नव्हे. संत्र्याची नवी बाग लावली तर फळ हाती यायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर रोपे, पाणी, कुंपण, खत, आणि घरात मुलांची फी. ज्या घराची सगळी शिल्लक यंत्राच्या तासांतच संपते, त्या घराची साफ केलेली जमीन दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा झुडपांनी भरते. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो; कन्नडमध्येही ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असेच म्हणतात. आपले अंथरूण केवढे आहे, ते यंत्र दारात येण्याआधी मोजून घेतलेले बरे.