विलायतेतील दर्स-ए-निझामी

अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निझामुद्दीन यांच्या नावे जो अभ्यासक्रम रूढ झाला, आणि १८६६ साली स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या वृत्तांतांच्या, सखोल अध्ययनाची जोड देऊन ज्याला नवे बळ आणले, तो दर्स-ए-निझामी आज इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात शिकविला जातो, ही घटना जितकी विलक्षण तितकीच आपल्याकडे अलक्षित राहिलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुरत, भडोच या जिल्ह्यांतून व पाकिस्तानातून जी कुटुंबे तेथील कापडगिरण्यांत मजुरीसाठी गेली, त्यांनी प्रारंभी राहत्या घरांतच मशिदी मांडल्या व मायदेशाहून मौलवी बोलावले. परंतु मौलवींची उर्दू मुलांना उमगेना आणि मुलांचे प्रश्न मौलवींना. सुरत जिल्ह्यातील नानी नरोलीचे, रांदेर व सहारनपूर येथे शिकलेले मौलाना यूसुफ मोताला यांनी, आपले गुरू शेखुल हदीस मुहंमद जकरिया कांधलवी यांच्या प्रेरणेने, बरी शहराजवळच्या होलकंब येथे एका जुन्या आरोग्यधामाच्या इमारतीत १९७० च्या दशकात दारुल उलूम उभारले, ते याच निकडीतून. २०१९ मध्ये ते निवर्तले, तोवर त्यांचे शिष्य ब्रिटनमधील कित्येक मशिदींत इमाम झाले होते.

अभ्यासक्रमाचा सांगाडा जुनाच आहे. सर्फ व नह्व हे अरबी व्याकरण, मग फिक्ह, त्यातला हनफी धर्मशास्त्राचा ‘हिदाया’ हा आधारग्रंथ, आणि अखेरच्या वर्षी बुखारी, मुस्लिम आदी हदीसच्या सहा संग्रहांचा दौरा, म्हणजे सलग वाचन. मात्र सोळाव्या वर्षापर्यंतचे शिक्षण इंग्रजी कायद्याने सक्तीचे असल्यामुळे तेथील विद्यार्थ्याला धार्मिक पाठांबरोबरच गणित, विज्ञान व इंग्रजीचे धडेही घ्यावे लागतात आणि सरकारी निरीक्षक शाळेची तपासणी करून जातात. या दुहेरी ओझ्याची तक्रार पुष्कळांनी केली आहे; माझ्या मते तेच त्या मुलांचे भाग्य होय, कारण ज्या समाजाला उत्तरे द्यायची, त्याची विद्या ठाऊक नसलेला आलिम, म्हणजे धर्मपंडित, निम्माच आलिम.

मुलींच्या शिक्षणाने तर याहून मोठी मजल मारली. लँकेस्टर येथील एका भव्य जुन्या रुग्णालयाच्या वास्तूत १९९६ साली जामिआ अल-कौसर ही निवासी शाळा निघाली. तेथे मुली आलिमा होतात आणि शालान्त परीक्षाही देतात.

दारुल उलूमची सनद मिळाली तरी विद्यापीठाच्या पदवीची प्रतिष्ठा तिला नाही, हे शल्य ओळखून २००९ साली केंब्रिज मुस्लिम कॉलेज स्थापन झाले. अब्दुल हकीम मुराद या नावानेही ओळखले जाणारे, केंब्रिज विद्यापीठातील अध्यापक टिमथी विंटर हे त्याचे संस्थापक. फाजील, म्हणजे दारुल उलूमचे स्नातक, झालेल्या तरुणांना एका वर्षात ब्रिटनचा इतिहास, इतर धर्मांचा परिचय आणि समुपदेशनाची कला शिकविण्याची योजना त्यांनी आखली. अमेरिकेत बर्कली येथील झैतूना महाविद्यालयाने, ज्याला २०१५ मध्ये रीतसर मान्यता लाभली, अरबी ग्रंथांबरोबर पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अध्यापन एकाच छपराखाली आणून निराळी वाट धरली.

इतके असूनही फाजील तरुणाच्या पुढ्यात जे प्रश्न येतात, व्याजी गृहकर्जाचे, अवयवदानाचे, मोडलेल्या निकाहाचे, ते ‘हिदाया’त आयते सापडत नाहीत. मशिदींच्या विश्वस्तांनी त्या तरुणाला संसार चालेल इतके वेतन द्यावे आणि आलिमा झालेल्या मुलींना सल्लामसलतीत जागा द्यावी, ही कामे इमारती विकत घेण्याहून अवघड असली तरी आता टाळता येण्याजोगी उरलेली नाहीत.