मॅथिल्डे फुटली का नाही?

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह फिरतायत. त्यातल्या एकीची ही गोष्ट. 'एकीची' म्हटलं कारण नाव बाईचं आहे, मॅथिल्डे. १८८५ साली व्हिएन्नात योहान पालिसाने तिला शोधलं आणि त्यानंतर शंभरावर वर्षं ती दुर्बिणीतला एक ठिपका होती, बस्स.

२७ जून १९९७ ला नासाचं 'निअर' यान, इरॉस नावाच्या दुसऱ्याच लघुग्रहाकडे जाता जाता, तिच्यापासून १२१२ किलोमीटरवरून गेलं. वेग सेकंदाला जवळजवळ १० किलोमीटर! तिथे ऊन पृथ्वीच्या चौथाई, म्हणून सोलर पॅनेलची वीज पुरवायला सहा उपकरणांपैकी फक्त कॅमेरा चालू ठेवला. (आपल्या मेसमध्ये रविवारी रात्री एकच भाजी, तसं.) पंचवीस मिनिटांत पाचशेवर फोटो निघाले. तेही एकाच बाजूचे, कारण मॅथिल्डेला स्वतःभोवती एक फेरी मारायला सतरा दिवसांहून जास्त लागतात.

फोटोत दिसलं काय? ६६ किलोमीटर लांब, ४८ रुंद, वेडावाकडा बटाटा. कार्बनने भरलेला, म्हणून काळाकुट्ट. पडलेल्या उजेडातला फक्त चार टक्के परत पाठवणारा. त्यामुळे तिथल्या खड्ड्यांना जगभरच्या कोळसा खोऱ्यांची नावं दिली. त्यात एक 'दामोदर' आहे, आपल्या झरियाच्या खाणी असलेलं खोरं! सगळ्यात मोठा खड्डा 'कारू', ३३ किलोमीटरचा.

आता गंमत बघा. लघुग्रहाचा सरासरी व्यास साधारण ५३ किलोमीटर आणि त्यावर २० किलोमीटरहून मोठे खड्डे एक नाही, पाच. कलिंगडावर एवढ्या प्रमाणात हातोडे मारले तर पहिल्या-दुसऱ्या घावातच फोडी होतील. मग मॅथिल्डे फुटली का नाही?

उत्तर तिच्या वजनात आहे. यान जवळून जाताना तिच्या गुरुत्वाने त्याचा वेग किंचित बदलला आणि त्याच्या रेडिओ सिग्नलची फ्रिक्वेन्सी इवलीशी सरकली. तोच आपला बारावीतला डॉप्लर! त्यावरून वस्तुमान निघालं सुमारे १०चा १७ वा घात किलोग्रॅम. आकारमान साधारण ७८ हजार घन किलोमीटर. भागाकार करा, घनता येते १.३ च्या आसपास. पण तशाच कार्बनवाल्या उल्कापाषाणांची घनता याच्या दुप्पट असते. म्हणजे मॅथिल्डे निम्मी रिकामी आहे.

फरशीवर हातोडी मारली तर तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. थर्माकोलवर मारली तर तिथल्या तिथे खळगा पडतो आणि पलीकडे काही कळतसुद्धा नाही. पोकळ्या चेपण्यातच धक्क्याची ऊर्जा संपते. १९९९ साली हाउसेन, होल्सॅपल आणि व्हॉस यांनी हेच करून पाहिलं. सच्छिद्र पदार्थ सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवत ठेवून (सिव्हिलवाल्यांना हे यंत्र माहीत असेल) त्यावर गोळ्या झाडल्या. माल बाहेर फारसा उडालाच नाही, आतच दाबला गेला. मॅथिल्डेवरही तसंच दिसतं: एका खड्ड्याची माती उडून शेजारचा बुजलाय असं नाही. खरं तर तिथलं गुरुत्व इतकं कमी की ताशी ८५ किलोमीटरने टाकलेला चेंडूसुद्धा कायमचा अवकाशात जाईल! तरी माती जागेवरच.

आता यात आपल्याला काय? बरंच आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट यान डिमॉर्फसवर मुद्दाम आदळवलं आणि त्याची प्रदक्षिणा सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. पेपरात सगळीकडे टाळ्या. पण तिथे यानाच्या स्वतःच्या धक्क्यापेक्षा उलट दिशेला उडालेल्या मलब्याने जास्त ढकललं, आणि डिमॉर्फस कार्बनवाल्या जातीचा नव्हे. जिथे मलबा उडतच नाही, तिथे हा बोनस कुठून आणणार?

बेन्नू हा पृथ्वीजवळून जाणारा, अर्धा किलोमीटरचा लघुग्रह मात्र कार्बनवाला आहे. घनता १.२. २०२० मध्ये नमुना घ्यायला गेलेल्या यानाचा हात त्यात अर्धा मीटर आत घुसला, इतका तो भुसभुशीत. २४ सप्टेंबर २१८२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २७०० त एक आहे. एकशे साठ वर्षांहून कमी वेळ उरलाय आणि डार्टची आकडेमोड तिथे जशीच्या तशी चालणार नाही.