फोन मंद होतो, की केला जातो?

नव्या अपडेटने जुना फोन मंदावतो काय, असे विचारले की सभागृहातील निम्म्या लोकांच्या मनात उत्तर तयार असते. काल रात्री फोनने नवी आवृत्ती आल्याची वर्दी दिली, आपण भाबडेपणाने होकार भरला, आणि आज सकाळपासून साधा निरोप वाचावयाचा म्हटले तरी पडद्याकडे पाहत बसावे लागते. हा अनुभव इतक्या जणांचा आहे की तो केवळ भ्रम म्हणून झटकून टाकता यावयाचा नाही. पण त्यातून लोक जो निष्कर्ष काढतात तो फार मोठा आरोप आहे. नवा फोन खपावा म्हणून कंपन्या जुना मुद्दाम बिघडवितात, असा तो आरोप. तो खरा असेल तर ती उघड फसवणूक झाली. खोटा असेल तर त्या समजुतीपायी अपडेट नाकारणारी माणसे आपलेच घर उघडे टाकीत आहेत. ज्या फोनात आता बँकेचे खाते असते आणि निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखलाही ज्यावरून देता येतो, त्याच्याविषयी असे संशयात राहणे परवडणारे नाही.

प्रारंभीच एक कबुली देतो. 'अपडेट' या शब्दाला 'अद्ययावतीकरण' असा जिभेला तालीम देणारा प्रतिशब्द आहे. तो मला आदरणीय वाटतो. पण मंडईत भाजी घेताना जो शब्द कानांवर पडतो तोच मी वापरणार आहे.

संशय कसा उत्पन्न होतो ते प्रथम पाहू. २०१४ साली सेंधिल मुल्लैनाथन या भारतात जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक मोठा मार्मिक लेख लिहिला. हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या लॉरा ट्रुको यांनी 'आयफोन मंद झाला' अशा अर्थाचे शोध लोक गूगलवर केव्हा करतात, याचा आलेख काढला होता. नवा आयफोन बाजारात आला की दर वेळी हा आलेख ताडकन वर उसळे. सॅमसंगच्या गॅलक्सी फोनांचा तसाच आलेख काढला, तर त्यात अशी उसळी दिसेना. एवढ्यावर एखादा उतावळा न्यायाधीश निकाल देऊन मोकळा झाला असता. पण मुल्लैनाथन यांनी तेथेच सावध केले. नवा आयफोन आणि त्याची नवी प्रणाली ही दोन्ही साधारण एकाच सुमारास येतात, आणि ती प्रणाली लाखो जुन्या फोनांत थोड्याच दिवसांत शिरते. अँड्रॉइडच्या जगात प्रणाली बनविणारा एक, फोन बनविणारे अनेक. तेथे नवी आवृत्ती पांगत पांगत येते, म्हणून तक्रारीही पांगतात. शिवाय शेजाऱ्याच्या हातात नवा फोन पाहिला की आपला जुना जरा अधिकच संथ वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहेच. लोकांना फोन मंद वाटला, एवढेच त्या आलेखाने सिद्ध होते. तो कोणी आणि कशासाठी मंद केला, हे त्यात नव्हते.

त्याचे उत्तर, निदान एका प्रकरणापुरते, २०१७ च्या डिसेंबरात मिळाले. ते प्रकरण नीट समजावून घेण्याजोगे आहे, कारण त्यात आरोप करणारे आणि बचाव करणारे हे दोघेही अर्धे अर्धे खरे ठरले.

त्यासाठी थोडे बॅटरीच्या पोटात शिरले पाहिजे. आपल्या फोनांत असते ती लिथियम-आयन बॅटरी. भरताना लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापरताना दुसऱ्या बाजूला परततात. ही येरझार शेकडो वेळा झाली की आतल्या पृष्ठभागांवर एक पापुद्रा जाड होत जातो. परिणाम दोन होतात. बॅटरीत मावणारी वीज कमी होते, हे आपल्या सर्वांच्या ध्यानात येते. दुसरा परिणाम लपून राहतो, तो म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी निम्मी भरलेली आहे, पण खाली येणारा नळ गंजून आतून अरुंद झाला आहे. एक तोटी उघडली तर पाणी बरे येते. घरातल्या तिन्ही तोट्या एकदम उघडल्या की धार बारीक होते. टाकीत पाणी नाही असे नाही, ते मागणीच्या वेगाने खाली उतरत नाही. जुन्या बॅटरीचे तसेच होते. फोनाचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, एखादे जड काम आले की क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. रोध वाढलेला असेल तर त्या क्षणी बॅटरीचा दाब, ज्याला व्होल्टेज म्हणतात, इतका खाली येतो की फोन स्वतःला वाचविण्यासाठी बंदच पडतो. पडद्यावर मात्र तीस-चाळीस टक्के बॅटरी शिल्लक दिसत असते. थंडीत हा रोध आणखी वाढतो.

२०१६ च्या अखेरीस आयफोन सिक्स आणि सिक्स-एस यांबाबत नेमकी हीच तक्रार वाढली. २०१७ च्या जानेवारीत अॅपलने आयओएस १०.२.१ ही आवृत्ती आणली, आणि पुढच्याच महिन्यात जाहीर केले की सिक्स-एसमधील अवचित बंद पडण्याचे प्रकार ८० टक्क्यांनी व सिक्समधील ७० टक्क्यांनी कमी झाले आहेत. हे साधले कसे, ते मात्र सांगितले नाही.

ते बाहेर काढले कॅनडातील जॉन पूल यांनी. फोनांची चाचणी घेऊन त्यांना गुण देणारी 'गीकबेंच' ही आज्ञावली त्यांच्या संस्थेने बनविलेली आहे, आणि लोकांनी घेतलेल्या चाचण्यांचे गुण त्यांच्याकडे आयतेच साठलेले होते. एखाद्या वर्गाच्या परीक्षेचे गुण कागदावर मांडले तर सामान्यतः मधे एक टेकडी दिसते. बहुतेक मुले सरासरीच्या आसपास असतात. एकाच नमुन्याच्या हजारो फोनांची टेकडी तर याहून उंच आणि निमुळती असावयास हवी, कारण ते सारे एकाच साच्यातले. आयओएस १०.२ वर चालणाऱ्या सिक्स-एसची टेकडी तशीच होती. १०.२.१ वर मात्र मुख्य टेकडीच्या डावीकडे, कमी गुणांच्या अंगाला, लहान लहान नव्या टेकड्या उगवल्या, आणि ११.२ वर त्या अधिक ठळक झाल्या. फोन नुसते वयोमानाने थकत असते तर गुण हळूहळू घसरून टेकडी पसरट झाली असती. ठराविक जागी वेगळ्या टेकड्या उभ्या राहतात त्या अर्थी कोणी तरी ठराविक पायऱ्या आखून वेगाला लगाम घातला आहे. पूल यांनी हे १८ डिसेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध केले. दोनच दिवसांत अॅपलने मान्य केले की होय, बॅटरी जुनी झालेल्या फोनांत प्रोसेसरचा वेग गरजेप्रमाणे आवरता घेण्याची योजना आम्ही केली आहे, आणि ती फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून केली आहे.

आता यात अपराध कोणता? माझे मत असे की अभियंत्याने केले ते बरोबर होते. रस्त्यात अडचणीच्या वेळी फोन मरण्यापेक्षा तो सावकाश चालणे केव्हाही बरे. तिन्ही तोट्या एकदम उघडू नका, एवढेच त्याने घराला सांगितले. पण नळ गंजला आहे, तो बदलता येतो आणि बदलला की पूर्ववत पाणी येईल, हे घरमालकाला सांगितले नाही, आणि खरा अपराध तोच. ज्याला बॅटरीची बाब कळली नाही त्याने पाहिले ते इतकेच, की फोन मंद झाला. आणि मंद फोनावर बाजारात एकच औषध विकले जाते, ते म्हणजे नवा फोन. हेतू चांगला होता की वाईट, याचा वाद मी घालणार नाही. माहिती दडवून जो लाभ होतो तो हेतू विचारीत बसत नाही.

२८ डिसेंबरला अॅपलने क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. भारतातही तो ६,५०० रुपयांवरून कर वगळून २,००० रुपयांवर आला. २०१८ च्या मार्चमध्ये बॅटरीचे आरोग्य दाखविणारे पान फोनातच दिले गेले. पुढे दंड झाले, तडजोडी झाल्या. फ्रान्सने २०२० साली अडीच कोटी युरो वसूल केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील दाव्यात कंपनीने अपराध मान्य न करता ५० कोटी डॉलरपर्यंत देण्याचे कबूल केले. पण या सर्वांहून बोलका पुरावा मला कंपनीच्याच एका पत्रात दिसतो. २ जानेवारी २०१९ रोजी टिम कुक यांनी भागधारकांना लिहिले की उत्पन्न अपेक्षेहून कमी येणार आहे, आणि त्याच्या कारणांत, चीनमधील मंदी वगैरेंबरोबर, स्वस्तात बॅटरी बदलून घेणाऱ्या ग्राहकांचाही उल्लेख केला. बॅटरी बदलली की कित्येकांना नवा फोन लागत नाही, याची याहून अधिकृत साक्ष कोठून आणावी?

अॅपल एकटीच होती असे नाही. इटलीच्या स्पर्धा-नियामकाने २०१८ साली अॅपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. सॅमसंगवरील ठपका असा की गॅलक्सी नोट फोर या फोनात, पुढच्या पिढीसाठी बेतलेली अँड्रॉइडची आवृत्ती, परिणामांची कल्पना न देता लोकांकडून बसवून घेतली. हा बॅटरीचा प्रकार नव्हे. येथे आपण मंदपणाच्या अधिक सामान्य कारणाशी येतो, आणि ते कोणाच्या कारस्थानावाचून घडते.

निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ सालीच बजावले होते की यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात त्याहून अधिक गतीने आज्ञावल्या जड होत आहेत. प्रोग्रामरच्या टेबलावर नवे यंत्र असते. त्यावर जे सुरळीत चालते ते त्याला हलकेच वाटते. आयफोन सिक्समध्ये तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, १ जीबी होती. वर्षभरानंतरच्या सिक्स-एसमध्ये ती दुप्पट झाली. दोन खोल्यांत मावेल असा संसार एका खोलीत आणला की एक वस्तू काढल्यावाचून दुसरी हाती लागत नाही. साठवणुकीची जागा काठोकाठ भरली असेल तर तेही भोवते, कारण फ्लॅश स्मृतीला नवे लिहिण्यापूर्वी जुने ठोकळे रिकामे करावे लागतात आणि मोकळी जागा नसली की ही उठाठेव वाढते. आणि अपडेटनंतरचा पहिला एक-दोन दिवसांचा मंदपणा तर पुष्कळदा निव्वळ घर लावण्याचा असतो. फोन छायाचित्रांची वर्गवारी, शोधाची सूची वगैरे पडद्याआड नव्याने करीत असतो. पहिल्याच संध्याकाळी निकाल देऊ नये.

याच्या उलटही घडते, हे आपण विसरतो. २०१८ च्या आयओएस १२ मध्ये जुन्या फोनांचा वेग हेच उद्दिष्ट ठेवले होते, आणि २०१३ च्या आयफोन फाइव्ह-एसवरही ती आवृत्ती चालली. म्हणजे मनात आणले तर अपडेटने जुना फोन सुधारता येतो. या एका उदाहरणाने 'जुन्या यंत्राचा नाइलाज आहे' ही कंपन्यांची सबब जशी ढिली होते, तशीच 'प्रत्येक अपडेट विषारी' ही आपली समजूतही ढिली होते.

मग अपडेट घ्यावेत की नाही? येथे भेद केला पाहिजे. नवी आवृत्ती निराळी आणि सुरक्षेची दुरुस्ती निराळी. आवृत्तीच्या बाबतीत थांबून, इतरांचा अनुभव पाहून मग होकार देण्यात शहाणपण आहे, कारण बहुधा परतीची वाट नसते. अॅपल तर थोड्याच दिवसांत जुनी आवृत्ती पुन्हा बसविणे बंद करते. सुरक्षेच्या दुरुस्तीत मात्र चालढकल नको. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या संगणकी रोगाने ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम ठप्प केले. ते खिंडार बुजविणारी विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. अनेक ठिकाणी ती कोणी बसविली नव्हती. उदाहरण संगणकाचे असले तरी फोनालाही ते लागू आहे. शिवाय नुसते अडून बसून काळ थांबत नाही. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ आणि त्याहून जुन्या फोनांवर व्हॉट्सअॅप बंद झाले. त्यांचा वेग कसाही असो.

दरम्यान कायदा थोडा पुढे सरकला आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांची बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकली पाहिजे, आणि विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. त्याच वर्षी जानेवारीत गूगलने पिक्सेल फोर-ए या फोनांसाठी काढलेल्या अपडेटने काही फोनांतील बॅटरीची उपलब्ध क्षमता कमी केली. पण ती गोष्ट आधी जाहीर करून, फुकट बॅटरी किंवा मोबदला देऊ करून. २०१७ च्या गोंधळाचा एवढा तरी उपयोग झाला.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचा पाच वर्षांचा फोन गेल्या हिवाळ्यात अपडेटनंतर रडतखडत चालू लागला. दुकानदाराने नवा घ्या म्हणून सांगितले, आणि त्यांनी पैसेही बाजूला काढले होते. मी त्यांना दोन गोष्टी करावयास सांगितल्या. प्रथम नातवंडांची शेकडो चलच्चित्रे दुसरीकडे हलवून जागा मोकळी केली. त्याने थोडा फरक पडला. मग सेटिंगमधले बॅटरीचे पान उघडले. तेथे ७१ टक्के असा आकडा होता. अधिकृत केंद्रात नवी बॅटरी बसवून घेतली, आणि त्याच आवृत्तीवर तो फोन आज बरा चालला आहे. जुनी बॅटरी काढली तेव्हा ती किंचित फुगलेली निघाली. तशी फुगून पडद्याची कड उचलली गेली असेल तर मात्र वेगाचा विचार सोडून फोन त्याच दिवशी बंद करावा, भरावयास लावू नये, दाबू-टोचू नये, आणि सरळ केंद्रात नेऊन द्यावा.